कॉम्प्युटर घेण्यापूर्वी मानेलाही विचारा

दहावी-बारावीचे निकाल लागले, की दवाखान्यात ताप आणि जुलाबाच्या रुग्णांबरोबर एक वेगळाच प्रश्न येऊ लागतो. रक्तदाब पाहून झाला, चिठ्ठी लिहून झाली, की रुग्ण उठता उठता विचारतो, "डॉक्टरसाहेब, मुलीसाठी कॉम्प्युटर घ्यायचाय. तो डब्याचा घ्यावा, की ते नवीन, एकातच सगळे असलेले?" आता मी काही कॉम्प्युटरचा जाणकार नव्हे. तरीही या प्रश्नाला मी बगल देत नाही. कारण यंत्र बिघडले की ते दुकानदाराकडे जाते, पण त्या यंत्रापुढे बसून माणूस बिघडला की तो माझ्याकडे येतो. मान, खांदे, डोळे यांच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांना हल्ली मी गोळी लिहिण्याआधी विचारतो, "तुमच्या कॉम्प्युटरचा पडदा वर-खाली होतो का हो?" बहुतेकांना ते सांगता येत नाही. कोणी कधी करूनच पाहिलेले नसते.

ज्यांना या दोन प्रकारांतला फरक ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पहिला प्रकार टॉवरचा. एक उभी पेटी, जिला आपल्याकडे सरसकट 'सीपीयू' म्हणतात, आणि तिला तारेने जोडलेला वेगळा मॉनिटर. ही पेटी उघडता येते. आत मेमरी वाढवता येते, डिस्क बदलता येते, एखादे जादा कार्ड बसवता येते. दुसरा प्रकार ऑल-इन-वनचा. यात पेटीतले सारे सामान पडद्याच्याच पाठीमागे बसवलेले असते. बाहेर राहतात ते की-बोर्ड, माऊस आणि विजेची एक तार. ही दोन घराणी आजची नव्हेत. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पीसीमध्ये जादा कार्डांसाठी पाच खाचा होत्या, तर १९८४ च्या ॲपल मॅकिंटॉशमध्ये नऊ इंची पडदा आणि यंत्र एकाच डब्यात होते. पुढे १९९८ मध्ये रंगीत आयमॅक आला आणि या दुसऱ्या प्रकाराचा बोलबाला झाला. तेव्हापासून हा वाद वेग, किंमत आणि दिसणे या तीन मुद्द्यांवर घातला जातो. पुढे बसणाऱ्याच्या शरीराबद्दल त्यात फारसे कोणी बोलत नाही.

प्रश्न अर्ध्या वितीचा

एका पतसंस्थेत काम करणाऱ्या बाई माझ्याकडे आल्या. वय अठ्ठेचाळीस. मानेच्या मागे दुखते, तेथून कळ डोक्याच्या मागच्या भागात चढते, संध्याकाळी जास्त, रविवारी कमी. एक्स-रे आधीच काढून झाला होता आणि त्यात मणक्यांची थोडी झीज दिसत होती. पन्नाशीच्या आसपास अशी झीज पुष्कळांच्या एक्स-रेमध्ये दिसते, ज्यांची मान मुळीच दुखत नाही त्यांच्याही. पण 'स्पाँडिलोसिस' हा शब्द कानावर पडल्यापासून बाई धास्तावल्या होत्या आणि गळ्यात पट्टा घालूनच फिरत होत्या.

रविवारी दुखणे कमी होते, हे मला महत्त्वाचे वाटले. म्हटले, "ताई, ऑफिसात कशा बसता ते जरा इथे बसून दाखवा." त्या खुर्चीत बसल्या, हनुवटी वर उचलली आणि नाकाच्या शेंड्यावरून पाहावे तसे समोर पाहू लागल्या. त्यांचा चष्मा दुहेरी काचेचा होता. जवळचे पाहण्याची काच खाली, लांबचे पाहण्याची वर. पडदा डोळ्यांच्या वर असेल, तर अक्षरे वाचण्यासाठी खालच्या काचेतून वर पाहावे लागते आणि त्यासाठी मान मागे टाकण्यावाचून गत्यंतर नसते. दिवसाचे सहा-सात तास त्या अशा बसत होत्या.

मग कळले, की संस्थेने दोन-तीन महिन्यांपूर्वी जुने टॉवर काढून ऑल-इन-वन बसवले होते. जुन्या मॉनिटरचा पाय खाली सरकत असे. नवे यंत्र मागे-पुढे कलते, पण खाली येत नाही. मी त्यांना शिवणकामाची टेप घेऊन मापे आणायला सांगितली. टेबलाची उंची ७५ सें.मी., टेबलापासून पडद्याच्या वरच्या कडेपर्यंत ४३ सें.मी., म्हणजे जमिनीपासून ११८. बाई खुर्चीत ताठ बसल्या की त्यांचे डोळे जमिनीपासून १०७ सें.मी.वर. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या ११ सें.मी. वर, म्हणजे चांगली अर्धी वीत. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा तिच्या थोडी खाली असावी आणि पडद्याचा मध्य त्याहून खाली यावा, हा साधारण नियम. दुहेरी काच वापरणाऱ्यांनी तर पडदा आणखी खाली घ्यायला हवा. इथे सगळे उलटे झाले होते.

औषध फार लागले नाही. खुर्ची ९ सें.मी. वर घेतली, पाय लोंबकळू नयेत म्हणून खाली विटेएवढ्या उंचीचा लाकडी पाट दिला, पडदा किंचित मागे कलवला. नेत्रतज्ज्ञांकडून हातभर अंतरासाठी एकाच नंबरचा वेगळा चष्मा करवून घेतला. चाळिशीचा नेहमीचा नंबर साधारण ४० सें.मी. वरच्या पुस्तकासाठी काढलेला असतो. पडदा असतो ६० ते ६५ सें.मी. वर, म्हणून त्यासाठी नंबर निराळा लागतो. पट्टा हळूहळू सोडवला आणि मानेचे व्यायाम दिले. पुढच्या महिन्यात बाई आल्या त्या रक्तदाब तपासायला. मानेचा विषय मीच काढला तेव्हा म्हणाल्या, "हो, ते राहिलंच सांगायचं."

याच्या उलट तक्रार घेऊन अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी आला होता. उंची सहा फुटांच्या जवळपास. तेही ऑल-इन-वनच, पण त्याला पडदा खाली पडत होता आणि तो वाकून बसत होता. आपल्या डोक्याचे वजन साधारण पाच किलो असते, पाण्याने भरलेल्या लहान कळशीएवढे. ती कळशी ताठ मणक्यावर तोललेली असेल तर स्नायूंना विशेष कष्ट नाहीत. पुढे झुकली की मागच्या स्नायूंना ती ओढून धरावी लागते. केनेथ हंसराज या अमेरिकेतील शल्यविशारदांनी २०१४ मध्ये याचे गणित मांडले. मान ६० अंश वाकली तर मानेवर येणारा भार सुमारे २७ किलो होतो, असे त्यांचे उत्तर आले. हा कागदावरचा हिशेब आहे, कोणाच्या मानेत काटा ठेवून मोजलेला नाही, आणि मोबाइलवर वाकलेल्या माणसाइतके कॉम्प्युटरपुढे कोणी वाकतही नाही. तरी वाकण्याचे भाडे मानेला भरावे लागते, एवढे त्यावरून पटावे. त्या मुलाला मी सांगितले, "अरे, यंत्राखाली दोन जाडजूड पुस्तके ठेव." त्याने गतवर्षीची गाइडे ठेवली. काम झाले.

या दोन रुग्णांत माझ्या मते सगळा मुद्दा येऊन जातो. पडदा उंच करणे सोपे असते, खाली आणणे अवघड. न सरकणाऱ्या पायाचे यंत्र उंच माणसाला चालवून घेता येते. त्रास होतो तो कमी उंचीच्या माणसाला, म्हणजे आपल्याकडे बहुतेक स्त्रियांना आणि लहान मुलांना, आणि चाळिशीचा दुहेरी चष्मा असलेल्या प्रत्येकाला. घरात एकच कॉम्प्युटर असेल आणि त्यावर दहा वर्षांची मुलगी, तिची आई आणि आजोबा असे तिघे बसणार असतील, तर एकाच उंचीला खिळलेला पडदा तिघांपैकी दोघांना तरी चुकीचाच होणार.

टॉवर घेतला म्हणजे हा प्रश्न आपोआप सुटला, असेही नाही. स्वस्तातल्या पुष्कळ मॉनिटरांचे पायही नुसते कलतात. फरक इतकाच, की मॉनिटर वेगळा असल्यामुळे तो एकटा बदलता येतो. त्याच्या पाठीवर बहुधा चार भोके असतात, एकमेकांपासून ७५ किंवा १०० मि.मी. अंतरावर. हे माप जगभर ठरलेले आहे. त्या भोकांवर टेबलाला अडकवायचा हलता दांडा बसतो आणि मग पडदा वर, खाली, जवळ, लांब कुठेही नेता येतो. काही ऑल-इन-वनच्या पाठीवरही अशी भोके असतात आणि महागड्यांपैकी काहींचा पाय उंचीलाही सरकतो. पण पुष्कळांत यांपैकी काहीच नसते. २०२१ साली आलेल्या २४ इंची आयमॅकचेच पाहा. त्याचा पाय पडदा कलवतो, उंची बदलत नाही. दांड्यावर बसवायचा असेल तर तसा प्रकार खरेदीच्या वेळीच निवडावा लागतो, नंतर नाही. गंमत अशी, की त्याच घराण्यातल्या २००२ च्या आयमॅकचा पडदा हलत्या दांड्यावर बसवलेला होता आणि सहज वर-खाली होत असे.

डोळ्यांचे काय?

डोळ्यांची आग, खुपल्यासारखे वाटणे, संध्याकाळी अंधुक दिसणे या तक्रारी आता नित्याच्या झाल्या आहेत. लोक त्याला 'पडद्याची उष्णता' म्हणतात. खरे कारण साधे आहे. आपण पापणी लववायला विसरतो. जपानमधील त्सुबोता आणि नाकामोरी या डॉक्टरांनी १०४ कार्यालयीन कर्मचाऱ्यांची तपासणी करून १९९३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आकडे दिले. निवांत बसलेला माणूस मिनिटाला सरासरी २२ वेळा पापणी लववतो, टेबलावरचे पुस्तक वाचताना १० वेळा आणि कॉम्प्युटरपुढे ७ वेळा. पापणी लवली की अश्रूंचा पातळ थर बुबुळावर पुन्हा पसरतो. ती लवली नाही की तो थर वाळतो.

याच डॉक्टरांनी आणखी एक माप घेतले होते आणि आपल्या विषयाशी खरा संबंध त्याचाच आहे. पुस्तक वाचताना नजर खाली असते, त्यामुळे वरची पापणी अर्धी मिटलेली राहते. डोळ्याचा उघडा भाग तेव्हा सरासरी १.२ चौरस सें.मी. भरला. पडद्याकडे समोर पाहताना तो २.३ चौरस सें.मी. होता, म्हणजे जवळजवळ दुप्पट. अंगणात वाळत घातलेले लुगडे पूर्ण पसरले तर लवकर वाळते, घडी घातली तर उशिरा, तसेच हे. पडदा जितका उंच, तितका डोळा जास्त उघडा आणि तितका जास्त कोरडा. मानेसाठी सांगितलेली उंची डोळ्यांनाही मानवते ती अशी.

वर गरगरणारा पंखा किंवा समोरून येणारा कूलरचा झोत हे काम आणखी लवकर करतात. झोत तोंडावर नको. दर वीस मिनिटांनी खिडकीबाहेर वीस सेकंद लांब पाहावे आणि मुद्दाम चार-सहा वेळा पापण्या पूर्ण मिटाव्यात. मेडिकलच्या दुकानातून स्वतःच्या मनाने डोळ्यांत घालायचे थेंब मात्र आणू नयेत. लाली चटकन घालवणाऱ्या काही थेंबांत स्टिरॉइड असते आणि ते महिनोन्महिने घातल्याने काचबिंदू आणि मोतीबिंदू होऊ शकतो.

काचेच्या चकाकीचा एक मुद्दा आहे. ऑल-इन-वनच्या पडद्यावर पुष्कळदा गुळगुळीत, आरशासारखी काच असते. दुकानातल्या दिव्यांत ती झकास दिसते. घरी मागे खिडकी आली, की पडद्यावर आपलेच तोंड दिसते आणि ते चुकवण्यासाठी माणूस वाकडा बसतो. टॉवरला चकाकी नसलेला मॉनिटर निवडून जोडता येतो. घेऊन झाले असेल तर टेबल फिरवा. खिडकी पाठीमागेही नको, समोरही नको, ती बाजूला असावी.

निळ्या प्रकाशाच्या चष्म्याबद्दल मला आठवड्यातून एकदा तरी विचारतात. त्यासाठी जादा पैसे घालू नयेत. उपलब्ध चाचण्यांचा कोक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये आढावा घेतला, तेव्हा या काचांनी डोळ्यांचा शीण थोड्या काळात कमी होतो असे दिसले नाही. अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञांची अकादमीही त्यांची शिफारस करीत नाही. काही जुन्या वाचकांना जड मॉनिटरपुढे अडकवायची 'रेडिएशनची काच' आठवत असेल. आजच्या सपाट पडद्यांत ती जुनी काचेची नळीच नसते, तेव्हा ती भीतीही सोडून द्यावी.

पेटीचे दोष

आतापर्यंत टॉवरचा पक्ष घेतल्यासारखे झाले. आता त्याच्या कागाळ्या.

पहिली कागाळी विजेची. "डॉक्टर, कॉम्प्युटरपुढे बसलं की पायाला मुंग्या येतात, शुगर तर नाही ना?" असे विचारणारे एक दुकानदार गृहस्थ आले होते. साखर तपासली, ठीक होती. मुंग्या एकाच पायाला, दुकानातच आणि चप्पल काढल्यावरच येत. हे सदैव चालत आलेले दुखणे नव्हते. पाय टेबलाखालच्या टॉवरच्या पत्र्याला लागत होता आणि दुकानातील अर्थिंग नावालाच होते. टॉवरच्या पेटीतील वीजपुरवठ्याच्या भागातून अगदी थोडा प्रवाह पत्र्याकडे झिरपतो. तो अर्थिंगच्या तारेने जमिनीत जावा अशी योजना असते. अर्थिंग नसेल तर तो आपल्या अनवाणी पायातून जातो. एवढ्या प्रवाहाने सहसा अपाय होत नाही. पण उद्या आत खरा बिघाड झाला, तर वाचवणारी तारच नाही, असा त्याचा अर्थ आहे आणि तो गांभीर्याने घ्यावा. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जोडणीत कोंबणे, जाड पीन कापून टाकणे, हे प्रकार आपल्याकडे फार चालतात. वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे आणि गळती होताच वीज तोडणारे ३० मिलिअँपियरचे आरसीसीबी बसवावे. धातूच्या पाठीच्या ऑल-इन-वनलाही हे लागू आहे, पण ते टेबलावर असते, पायाशी नसते.

दुसरी कागाळी धुळीची. जमिनीवर ठेवलेला टॉवर घरातला केर, केस आणि कापूस आत ओढत राहतो. वर्षाने तो उघडून फुंकणी मारली, की दम्याच्या रुग्णाला त्या रात्री पंप ओढावा लागतो. टॉवर जमिनीपासून वीतभर उंचीच्या स्टुलावर ठेवावा. साफ करताना वीज काढून, पेटी अंगणात नेऊन, नाकातोंडावर मास्क लावून साफ करावी आणि हे काम दमेकऱ्याने करू नये. आतली वीजपुरवठ्याची बंद पेटी मात्र कधीही उघडू नये. तार काढल्यावरही तिच्यात वीज साठलेली असते. ऑल-इन-वनमध्येही धूळ जातेच. फक्त ते उघडायला कारागीर लागतो, म्हणून कोणी उघडत नाही, मग ते तापते आणि त्याचा पंखा घोंघावू लागतो.

तिसरी कागाळी तारांची आणि ती मला सर्वांत गंभीर वाटते. मॉनिटरच्या दोन तारा, पेटीची एक, स्पीकरची, यूपीएसची, असे एक जाळे टेबलाखालून खोलीत येते. सत्तरीच्या माणसाचा पाय त्यात अडकला, की खुब्याचे हाड मोडते. आणि खुब्याचे हाड मोडलेले वृद्ध किती दिवस अंथरुणाला खिळतात, त्यांतले किती पुन्हा पूर्वीसारखे चालू लागतात, हे आम्ही डॉक्टर मंडळी पाहत असतो. घरात कॉम्प्युटर वापरणारे फक्त म्हातारे जोडपे असेल, मुलगा पुण्याला किंवा परदेशात, काम काय तर त्याच्याशी बोलणे, बँकेचे पासबुक पाहणे आणि नातवंडांचे फोटो, तर मी बेलाशक ऑल-इन-वन घ्यायला सांगतो. एकच तार, तीही भिंतीलगत. दवाखान्याच्या स्वागताच्या टेबलावर, जिथे जागा कमी आणि रोज पुसणे जास्त, तिथेही तेच बरे. कोणी सलग दोन तास त्यापुढे बसत नसेल, तर उंचीचा प्रश्न फार छळत नाही. बोटाने चालणाऱ्या पडद्याला मात्र भुलू नये. समोर उभ्या पडद्यावर हात उचलून पाच मिनिटे काम करून पाहा, खांदा स्वतःच उत्तर देईल.

शरीर बदलते, यंत्रही बदलता आले पाहिजे

जो रोज पाच-सहा तास बसणार, त्याचा हिशेब वेगळा. लेखापाल, सेतू केंद्र चालवणारा, डीटीपी करणारा, टंकलेखनाची परीक्षा देणारी मुलगी, घरून नोकरी करणारा जावई. कॉम्प्युटर घेतल्यावर लोक तो सात-आठ वर्षे चालवतात. एवढ्या काळात चाळीसचा माणूस अठ्ठेचाळीसचा होतो. त्याला चाळिशीचा चष्मा लागतो, मग दुहेरी काच येते, अक्षर मोठे हवेसे वाटते, कोणाला मोतीबिंदूची सुरुवात होते. दहा वर्षांचे पोर अठराचे होते आणि त्याचे डोळे बसल्या जागी कितीतरी सें.मी. वर जातात. टॉवरवाला अशा वेळी २२ इंची मॉनिटर काढून २७ इंची लावतो, जुना दुसऱ्याला देतो, पेटी तीच ठेवतो. ऑल-इन-वनवाल्याला त्यासाठी सगळेच नवे घ्यावे लागते. मग तो घेत नाही. डोळे बारीक करतो, मान पुढे काढतो आणि निभावून नेतो. माझ्याकडे येणाऱ्यांत हे निभावून नेणारे पुष्कळ असतात.

यंत्राचेही तसेच. विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला आणि पुष्कळ जुनी यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. टॉवरच्या पेटीतला मुख्य बोर्ड बदलून पडदा, की-बोर्ड, पेटी तशीच ठेवता येते. ऑल-इन-वनमध्ये यंत्र गेले की चांगला पडदाही त्याच्याबरोबर अडगळीत जातो. काही थोड्या ऑल-इन-वनना बाहेरून चित्र आत घेण्याची एचडीएमआयची खाच असते, अशांचा पडदा पुढे मॉनिटर म्हणून वापरता येतो. घेण्याआधी हे विचारून घ्यावे. बाहेर चित्र पाठवणारी खाच वेगळी, आत घेणारी वेगळी. दुकानदाराचा पोऱ्या दोन्हींना 'एचडीएमआय आहे' असेच सांगतो.

एक मधला मार्गही आहे आणि तो फारसा कोणाला सांगितला जात नाही. मिनी पीसी नावाची पोथीएवढी लहान पेटी मिळते. ती मॉनिटरच्या पाठीवरच्या त्याच चार भोकांवर बसवता येते. मॉनिटर दांड्यावर लावायचा असेल, तर ती टेबलाखाली चिकटवता येते. तारा कमी, पायाशी पत्रा नाही आणि मॉनिटर आपल्या मापाचा, हवा तेव्हा बदलता येणारा. मोठी कार्डे तीत बसत नाहीत, पण हिशेब, टायपिंग, अभ्यास यांना ती लागतही नाहीत. चित्रफितींचे संकलन किंवा मोठे आराखडे काढायचे असतील, तर मात्र टॉवरच घ्यावा.

दुकानात जाण्यापूर्वी घरी एक काम करा. ज्या खुर्चीत आणि ज्या टेबलाशी बसणार, तिथे ताठ बसून कोणाकडून तरी जमिनीपासून डोळ्यांपर्यंतची उंची मोजून घ्या. जितकी माणसे वापरणार तितकी मापे. त्यातून टेबलाची उंची वजा करा. येईल तो आकडा चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा. पडद्याची वरची कड टेबलापासून त्या आकड्याच्या वर जाता कामा नये. २४ इंची ऑल-इन-वनची उंची पायासकट बहुधा ४० ते ४६ सें.मी.च्या दरम्यान असते, तेव्हा आपला आकडा ३२ किंवा ३५ आला तर काय करायचे, हे दुकानातच ठरले पाहिजे. खुर्ची वर होते का, पायाखाली पाट ठेवायला जागा आहे का, हेही पाहा. दुकानदाराला पाय वर-खाली करून दाखवायला सांगा आणि पडद्याच्या पाठीवर हात फिरवून भोके आहेत का तेही बघा. तो हसला तर हसू द्यावे.

ज्यांच्याकडे यंत्र आधीच आहे आणि मान दुखते आहे, त्यांनी वरील बदल करून तीन-चार आठवडे वाट पाहायला हरकत नाही. पण हातात मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, हातातून कप निसटत असेल, सदऱ्याची बटणे लावताना बोटे चाचपडत असतील, चालताना पाय अडखळत असतील, लघवीवरचा ताबा जात असेल, किंवा मानदुखीबरोबर ताप किंवा वजनातील घट असेल, तर ते दुखणे पडद्याच्या उंचीचे नाही. त्यांनी टेप बाजूला ठेवून डॉक्टरांकडे यावे, आणि ताबा जाणे किंवा पाय लुळे पडणे असेल तर त्याच दिवशी.